क्षीण संकेताचा इतिहास : चेन्नईतील चुंबकीय अनुस्पंदन-संशोधन आणि धातू-उत्प्रेरकांचे मध्यस्थत्व

१. भूमिका

विज्ञानाचा इतिहास लिहिताना उपकरणांची नोंद ठेवणे सोपे असते. कल्पनांची वाटचाल शोधणे अवघड असते. अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन, म्हणजे व्यवहारात 'एनएमआर' या नावाने ओळखली जाणारी पद्धती, हिचा भारतातील इतिहासही बहुधा उपकरणांच्या आगमनाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणत्या संस्थेत किती शक्तीचा चुंबक कोणत्या साली आला, त्यानंतर त्याहून मोठा चुंबक केव्हा आला, असा त्या कथनाचा क्रम असतो. या मांडणीत भारताच्या वाट्याला केवळ ग्राहकाची भूमिका येते आणि ज्या प्रयोगशाळांकडे मोठे चुंबक नव्हते त्यांचे कार्य आपोआप दुय्यम ठरते.

प्रस्तुत लेखात या इतिहासाकडे वेगळ्या बाजूने पाहिले आहे. अणुकेंद्रांकडून मिळणारा संकेत स्वभावतःच क्षीण असतो. तो सबळ करण्याचा एक मार्ग चुंबक वाढवण्याचा आहे. दुसरा मार्ग अणुकेंद्रांपाशी नसलेली सुव्यवस्था अन्य कोठून तरी उसनी आणण्याचा आहे. हा दुसरा मार्ग बारकाईने पाहिला तर त्यात बंगळूर, मुंबई आणि मद्रास (आजचे चेन्नई) येथील संशोधकांचे स्थान स्पष्ट होते. ऱ्होडियम, इरिडियम यांसारख्या धातूंच्या उत्प्रेरकांचा या क्षेत्रातील प्रवेश ही एखादी सुटी, परदेशी घटना नाही. उसनवारीच्या याच परंपरेतील तो एक टप्पा आहे, हेही या दृष्टीने पाहिल्यावर ध्यानात येते.

२. दुर्बलतेचे मूळ

हायड्रोजनसारख्या अणूचे केंद्र एखाद्या सूक्ष्म चुंबकासारखे वागते. बाह्य चुंबकीय क्षेत्रात ठेवले असता त्याला दोनच दिशा घेता येतात : क्षेत्राला अनुकूल आणि क्षेत्राला प्रतिकूल. या दोन अवस्थांच्या ऊर्जेतील फरकाशी जुळणारी रेडिओलहर दिली की अणुकेंद्रे तिला प्रतिसाद देतात. हाच अनुस्पंदनाचा संकेत होय. डिसेंबर १९४५ मध्ये हार्वर्ड येथे एडवर्ड पर्सेल आणि त्यांचे सहकारी यांनी, व पाठोपाठ १९४६ च्या आरंभी स्टॅनफर्ड येथे फेलिक्स ब्लॉक आणि त्यांचे सहकारी यांनी हा संकेत द्रव व घन पदार्थांत स्वतंत्रपणे नोंदवला. १९५२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले.

परंतु या प्रतिसादात एक मूलभूत अडचण दडलेली आहे. अनुकूल अणुकेंद्रे ऊर्जा शोषतात आणि प्रतिकूल अणुकेंद्रे तितकीच ऊर्जा परत करतात. दोहोंची संख्या सारखी असेल तर हिशेब शून्यावर येतो. संकेत मिळतो तो केवळ दोहोंमधील फरकामुळे, आणि हा फरक अतिशय लहान असतो. रुग्णालयातील दीड टेस्लाच्या एमआरआय यंत्रात, शरीराच्या तापमानाला, दहा लाख हायड्रोजन-केंद्रांमागे हा फरक अवघा पाचाच्या आसपास भरतो. उरलेली सर्व अणुकेंद्रे परस्परांचा परिणाम नाहीसा करून गप्प राहतात. २०२० मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स येथे २८.२ टेस्लाचा, त्या काळातील सर्वांत शक्तिशाली व्यापारी बनावटीचा चुंबक बसवला गेला. त्यातही हा फरक दहा हजारांत सुमारे एक इतकाच होतो. चुंबक जवळजवळ एकोणीस पट मोठा केला तरी दहा हजारांतील नऊ हजार नऊशे नव्याण्णव केंद्रे मूकच राहतात, ही गोष्ट या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

दुसरा उपाय चिकाटीचा. तोच प्रयोग पुनःपुन्हा करून संकेतांची बेरीज केली असता संकेत वाढतो. पण गोंगाटही वाढतो. परिणामी दहापट स्पष्टतेसाठी शंभर वेळा, आणि शंभरपट स्पष्टतेसाठी दहा हजार वेळा प्रयोग करावा लागतो. १९६६ मध्ये रिचर्ड अर्न्स्ट आणि वेस्टन अँडरसन यांनी स्पंद-पद्धती व फूरिए गणित यांची सांगड घालून ही बेरीज वेगवान केली. तथापि, वेग वाढला म्हणून मूळ दारिद्र्य संपले नाही. ते संपवायचे तर अणुकेंद्रांना बाहेरून काही देणे आवश्यक होते.

३. बंगळूर आणि मुंबई : आरंभकाळ

भारतीयांचा या विषयाशी संबंध त्याच्या जन्मानंतर पाच-सहा वर्षांतच आला. स्टॅनफर्ड येथे ब्लॉक यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे एस. एस. धर्मट्टी हे जेम्स अर्नोल्ड आणि मार्टिन पॅकार्ड यांच्यासह १९५१ च्या एका छोट्या परंतु युगप्रवर्तक निबंधाचे सहलेखक होते. इथाइल अल्कोहोलच्या रेणूतील हायड्रोजन एकाच ठिकाणी संकेत देत नाहीत. त्यांचे तीन संकेत मिळतात आणि त्या तिघांचे प्रमाण १ : २ : ३ असे, म्हणजे त्या त्या गटातील हायड्रोजनांच्या संख्येइतके असते, हे त्यांनी दाखवले. रेणूची रचना अनुस्पंदनाने वाचता येते, हे रसायनशास्त्राला या निबंधाने सांगितले. धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९५० च्या दशकात तेथे अनुस्पंदन-संशोधनाचा पाया त्यांनी घातला.

त्याच १९५१ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जी. सूर्यन यांनी भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात वाहत्या द्रवातील अनुस्पंदनावर निबंध प्रसिद्ध केला. स्थिर द्रवावर जोरदार रेडिओलहरी सोडल्या की अनुकूल-प्रतिकूल केंद्रांमधील तुटपुंजा फरकही संपुष्टात येतो आणि संकेत मंदावतो. सूर्यन यांनी द्रव वाहता ठेवला. दमलेली केंद्रे पुढे निघून जातात, त्यांच्या जागी चुंबकाच्या क्षेत्रात आधीच सज्ज झालेली ताजी केंद्रे येतात आणि संकेत पुन्हा उभा राहतो. रक्तप्रवाहाच्या मापनाशी या विचाराचे नाते पुढे जोडले गेले. येथे मात्र त्याकडे एका निराळ्या कारणासाठी लक्ष वेधायचे आहे : सूर्यन यांनी चुंबक वाढवला नाही, एका ठिकाणी जमलेली सुव्यवस्था दुसऱ्या ठिकाणी वाहून आणली. उसनवारीच्या इतिहासातील हा भारतीय आरंभ मानावयास हरकत नाही.

यानंतर दोनच वर्षांनी, १९५३ मध्ये, अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात असलेले तरुण सैद्धांतिक अल्बर्ट ओव्हरहाउसर यांनी एक चमत्कारिक भाकीत केले. धातूतील मुक्त इलेक्ट्रॉनांना त्यांच्या अनुस्पंदन-वारंवारतेच्या लहरींनी संपृक्त केले, तर त्यांची सुव्यवस्था अणुकेंद्रांकडे संक्रमित होईल, असे ते भाकीत होते. इलेक्ट्रॉनाची चुंबकीय शक्ती हायड्रोजन-केंद्राच्या सुमारे ६५८ पट असते. त्यामुळे लाभही तसाच मोठा व्हावयास हवा होता. अनेक ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञांना ही कल्पना अशक्य वाटली. मात्र त्याच वर्षी थॉमस कार्व्हर आणि चार्ल्स स्लिक्टर यांनी लिथियम धातूवर प्रयोग करून ती सिद्ध केली. अनुस्पंदनाच्या संकेतवृद्धीत धातूचा पहिला प्रवेश हा असा झाला. तेथे धातू उत्प्रेरक नव्हता, सावकार होता : इलेक्ट्रॉन त्याचे होते आणि त्याने ते आपल्याच अणुकेंद्रांना उसने दिले.

४. सरदार पटेल मार्गावरील संस्था

चेन्नईच्या अडयार भागातून जाणाऱ्या सरदार पटेल मार्गावर थोड्याथोड्या अंतराने तीन संस्था उभ्या आहेत. पहिली, १९४८ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय चर्म संशोधन संस्था. दुसरी, पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने १९५९ मध्ये सुरू झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था. तिसरी, डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये उभी राहिलेली कर्करोग संस्था. कातडी, तंत्रविद्या आणि व्याधी अशी तीन भिन्न प्रयोजने असलेल्या या संस्थांचे शेजार प्रस्तुत विषयाच्या संदर्भात अर्थपूर्ण आहे.

कातड्याच्या संशोधनाला अनुस्पंदनाची गरज काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. कातड्याचा मूळ घटक कोलॅजेन हे प्रथिन. याच शहरातील मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ मध्ये त्याची तिपेडी रचना मांडली होती. ज्या उद्योगाचा कच्चा माल रेणूंच्या गुंफणीवर टिकतो, त्या उद्योगाच्या संशोधन संस्थेत रासायनिक भौतिकीची प्रयोगशाळा असावी, हे त्या काळातील वैज्ञानिक नियोजनाच्या व्यापक दृष्टीला धरूनच होते. या प्रयोगशाळेत एन. चंद्रकुमार यांनी दीर्घकाळ अनुस्पंदनावर काम केले. दुसरीकडे, १९७० च्या दशकात केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने देशात प्रादेशिक अत्याधुनिक उपकरण केंद्रे सुरू केली, त्यांपैकी एक मद्रासच्या तंत्रज्ञान संस्थेत होते. महाग उपकरण एका संस्थेच्या मालकीचे न राहता प्रदेशातील सर्व विद्यापीठांना उपलब्ध व्हावे, हा त्यामागचा हेतू. या केंद्राशी निगडित असलेले एस. सुब्रमणियन हे इलेक्ट्रॉन-अनुस्पंदन आणि अणुकेंद्रीय अनुस्पंदन या दोन्ही शाखांचे जाणकार होते.

या दोघांनी मिळून लिहिलेला, उच्च विभेदनाच्या फूरिए-अनुस्पंदनातील आधुनिक तंत्रांवरचा ग्रंथ १९८७ मध्ये श्प्रिंगर या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. त्या काळात या विषयाची तंत्रे वर्षागणिक वाढत होती आणि नियतकालिकांत विखुरलेली होती. त्यांना एका सूत्रात आणून विद्यार्थ्यापुढे ठेवणारा ग्रंथ मद्रासमधील दोन संशोधकांनी लिहावा, या घटनेची नोंद उपकरणांच्या इतिहासात होत नाही; ज्ञानव्यवहाराच्या इतिहासात मात्र ती व्हावयास हवी.

या ग्रंथाच्या विषयात उसनवारीचा तिसरा प्रकार येतो. रेणूत हायड्रोजनाशेजारी कार्बन असतो. पण कार्बनच्या ज्या प्रकाराला अनुस्पंदन आहे, त्या कार्बन-१३ ची चुंबकीय शक्ती हायड्रोजनाच्या जेमतेम चतुर्थांश असते. १९७९ मध्ये ऑक्सफर्ड येथील गॅरेथ मॉरिस आणि रे फ्रीमन यांनी नेमक्या अंतराने दिलेल्या रेडिओस्पंदांच्या मालिकेने हायड्रोजनाचे ध्रुवण शेजारच्या दुर्बल केंद्राकडे संक्रमित करण्याची रीत दाखवली. या संक्रमणाचे गणित दोन पातळ्यांच्या केंद्रांसाठी सुटसुटीत आहे. ड्यूटेरियमसारख्या तीन पातळ्यांच्या केंद्रांसाठी ते गुंतागुंतीचे होते. चंद्रकुमार यांनी हा कठीण भाग आपल्या संशोधनाचा विषय केला. अशा केंद्रांवरील त्यांचा स्वतंत्र प्रबंधग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढे चंद्रकुमार तंत्रज्ञान संस्थेत आले आणि ओव्हरहाउसर यांच्या जुन्या कल्पनेकडे त्यांचे लक्ष वळले. २०१४ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने फ्लोरिनच्या अनुस्पंदनाची अत्यंत कमी, म्हणजे १३.५ मेगाहर्ट्झपासूनच्या वारंवारतेला, इलेक्ट्रॉनांकडून उसन्या घेतलेल्या ध्रुवणाच्या बळावर मापने प्रसिद्ध केली. जगभर चुंबकांची शक्ती वाढवण्याची स्पर्धा चालू असताना चेन्नईतील प्रयोगशाळेने मुद्दाम लहान चुंबकाकडे जावे, यामागे स्वतंत्र विचार होता. सुब्रमणियन हेही पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत गेले आणि इलेक्ट्रॉन-अनुस्पंदनाच्या आधारे जिवंत ऊतींची प्रतिमा घेण्याच्या कार्यात सहभागी झाले.

५. मुका हायड्रोजन

उसनवारीच्या चौथ्या प्रकाराचे मूळ मात्र अनुस्पंदनाच्या शोधापूर्वीचे आहे. हायड्रोजन वायूच्या रेणूत दोन अणुकेंद्रे असतात. त्यांची परिवलने एकाच दिशेची असली तर तो ऑर्थोहायड्रोजन, परस्परविरुद्ध असली तर पॅराहायड्रोजन. असे दोन प्रकार असावेत असे वेर्नर हायझेनबर्ग यांच्या १९२७ मधील विवेचनातून निघाले. डेव्हिड डेनिसन यांनी त्याच वर्षी या भेदाच्या आधारे हायड्रोजनाच्या विशिष्ट उष्णतेचे कोडे सोडवले. १९२९ मध्ये बर्लिन येथे कार्ल फ्रीडरिख बोनहोफर आणि पाउल हार्टेक यांनी कोळशावर अतिशीत तापमानाला हायड्रोजन शोषवून पॅराहायड्रोजन प्रत्यक्षात वेगळा केला. हायझेनबर्ग यांना मिळालेल्या १९३२ च्या नोबेल पारितोषिकाच्या अधिकृत मानपत्रात पुंजयामिकीच्या निर्मितीबरोबर हायड्रोजनाच्या या दोन रूपांच्या शोधाचाही उल्लेख आहे.

सामान्य तापमानाला हायड्रोजनात पॅराहायड्रोजनाचे प्रमाण २५ टक्के असते. द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला, ते सुमारे ५० टक्के होते आणि द्रव हायड्रोजनच्या तापमानाला ते ९९ टक्क्यांच्याही पुढे जाते. मात्र हे रूपांतर आपोआप अतिशय मंद गतीने होते; कोळसा किंवा लोहाचे ऑक्साइड यांसारखा उत्प्रेरक असेल तरच ते त्वरेने घडते. अग्निबाणांसाठी द्रव हायड्रोजन तयार करणाऱ्यांना ही गोष्ट चांगली ठाऊक असते. रूपांतर आधीच घडवून आणले नाही, तर ते टाकीत हळूहळू घडते आणि त्यातून निघणाऱ्या उष्णतेने द्रवाची वाफ होते. तमिळनाडूतील महेंद्रगिरी येथे भारतीय अवकाश संशोधन संघटना ज्या अतिशीत इंजिनांची चाचणी घेते, त्यांचे इंधन हा द्रव हायड्रोजनच होय.

पॅराहायड्रोजनाची सुव्यवस्था जवळजवळ परिपूर्ण असते. दोन्ही केंद्रे एकमेकांच्या नेमक्या विरुद्ध. परंतु याच कारणाने त्याचे एकूण परिवलन शून्य होते आणि अनुस्पंदनाच्या दृष्टीने तो पूर्णतः मुका ठरतो. त्याच्यापाशी भांडवल अमाप आहे, पण ते खर्चता येत नाही. ते खर्चता यावे यासाठी रेणूतील दोन केंद्रांची समानता मोडावी लागते, म्हणजे त्यांना भिन्न परिसरात नेऊन बसवावे लागते. तसे करताना दोघांची जोडी मात्र फुटता कामा नये. ही दोन परस्परविरोधी वाटणारी कामे एकाच वेळी करणारा मध्यस्थ म्हणजे धातू-उत्प्रेरक.

६. ऱ्होडियम आणि एक गैरसमज

१९६० च्या दशकाच्या मध्यास जेफ्री विल्किन्सन यांनी ऱ्होडियम धातूचे एक विद्राव्य संयुग हायड्रोजनीकरणासाठी उपयोगात आणले. ऱ्होडियमचा एक अणू हायड्रोजनाच्या रेणूला आपल्याशी जोडून घेतो, त्याचे दोन्ही अणू एकाच असंपृक्त रेणूला देतो आणि स्वतः मोकळा होतो. विल्किन्सन यांना धातू-सेंद्रिय रसायनातील कार्यासाठी १९७३ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. या संयुगाचा अनुस्पंदनाशी काही संबंध असेल, अशी कल्पना तेव्हा कोणालाही नव्हती.

१९८६ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातील रिचर्ड आयझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ऱ्होडियम-उत्प्रेरित हायड्रोजनीकरणाच्या वर्णपटात विलक्षण रेषा दिसल्या. काही रेषा नेहमीप्रमाणे वर, तर काही उलट्या, खाली गेलेल्या. आणि सर्वच अनपेक्षितपणे सबळ. मुक्त मूलकांच्या जोड्यांमुळे असा परिणाम होतो हे त्या काळी माहीत होते. त्यानुसार धातूकेंद्रित मूलकांची यंत्रणा येथे असावी, असा निष्कर्ष त्यांनी प्रसिद्ध केला. हा निष्कर्ष उपलब्ध ज्ञानाशी सुसंगत होता. पण तो चुकीचा होता. प्रयोगाचे नमुने वर्णपट घेण्यापूर्वी द्रव नायट्रोजनमध्ये साठवले जात आणि तेथे त्यांतील हायड्रोजन नकळत पॅराहायड्रोजनाने समृद्ध होत असे. साठवणुकीतील एक किरकोळ सवय हीच शोधाची गुरुकिल्ली होती.

त्याच वर्षी, कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे, रसेल बोवर्स आणि डॅनियल वाइटकॅम्प यांनी पॅराहायड्रोजनाची सुव्यवस्था रासायनिक अभिक्रियेतून संकेतात उतरवता येईल, असे सैद्धांतिक भाकीत प्रसिद्ध केले. १९८७ मध्ये त्यांनी विल्किन्सन यांचाच उत्प्रेरक वापरून ॲक्रिलोनायट्राइलच्या हायड्रोजनीकरणात ते सिद्ध केले. आयझेनबर्ग यांनीही त्याच वर्षी आपल्या आधीच्या निरीक्षणांचा नवा अर्थ मान्य करून प्रसिद्ध केला. एका प्रयोगशाळेकडे भाकीत होते, दुसरीकडे संकेत होता. दोहोंची गाठ पडेपर्यंत दोन्ही अपुरे होते. भौतिकी आणि धातुरसायन या शाखा परस्परांच्या शेजारी असणे पुरेसे नसते, त्यांनी एकमेकींचे वाचलेही पाहिजे, हा या प्रसंगाचा इतिहासविषयक अर्थ आहे.

येथे 'जोडी न फुटणे' या अटीचे महत्त्व लक्षात घ्यावे लागते. उद्योगांत वापरल्या जाणाऱ्या घन धातूच्या पृष्ठभागावर हायड्रोजनाचे अणू मोकळेपणी हिंडतात आणि जोड्या विस्कटतात. त्यामुळे घन उत्प्रेरकांनी ही वृद्धी साधणार नाही, असे मानले जात होते. नोव्होसिबिर्स्क येथील इगोर कोप्ट्युग, किरिल कोव्तुनोव्ह आणि सहकाऱ्यांनी २००७-०८ मध्ये, प्रथम आधारावर बांधलेल्या ऱ्होडियम संयुगाने व नंतर आधारित धातूकणांनी, काही जोड्या तेथेही अभंग राहतात हे दाखवले. लाभ कमी होता, परंतु घन उत्प्रेरक गाळून वेगळा करता येतो, ही त्याची जमेची बाजू होती.

७. इरिडियम : न बदलता देणे

हायड्रोजनीकरणाच्या मार्गात एक मर्यादा उरली होती. ज्या रेणूला सुव्यवस्था द्यायची, त्याच्यात हायड्रोजन मिळवावाच लागे. म्हणजे तो रेणू बदलत असे. २००९ मध्ये यॉर्क विद्यापीठातील सायमन डकेट, गॅरी ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मर्यादा ओलांडली. त्यांच्या पद्धतीत इरिडियमच्या संयुगावर पॅराहायड्रोजन आणि पिरिडीनसारखा लक्ष्यरेणू, दोघेही काही क्षणांसाठी एकाच वेळी येऊन बसतात. काही मिलिटेस्लाच्या क्षीण क्षेत्रात धातूमार्फत जुळलेल्या बंधांतून हायड्रोजनाची सुव्यवस्था लक्ष्यरेणूच्या केंद्रांकडे जाते. त्यानंतर दोघेही सुटून जातात. लक्ष्यरेणूत काहीही मिळवलेले नसते, काहीही काढलेले नसते. धातू पुढच्या जोडीसाठी रिकामा होतो. 'सेबर' या संक्षिप्त नावाने ही पद्धती ओळखली जाते.

या पद्धतीची प्रगती प्रामुख्याने धातूभोवतालच्या सेंद्रिय गटांच्या निवडीतून झाली. मूळच्या फॉस्फिनऐवजी नायट्रोजनयुक्त कार्बीनचा गट जोडल्यावर लाभ लक्षणीय वाढला. लक्ष्यरेणू धातूवर फार थोडा काळ राहिला तर संक्रमण अपुरे राहते. फार काळ राहिला तर रांग पुढे सरकत नाही. हा काळ नेमका जुळवणे ही रसायनशास्त्रज्ञाची कामगिरी होय. २०१५ मध्ये एक मायक्रोटेस्लाहूनही क्षीण क्षेत्रात हीच क्रिया नायट्रोजन-१५ च्या केंद्रांवर साधण्यात आली. चेन्नईत पृथ्वीचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे, हे लक्षात घेतले तर प्रयोगाला चुंबक तर नकोच, उलट पृथ्वीच्या क्षेत्रापासून आडोसा हवा, अशी स्थिती निर्माण झाली. २०१७ मध्ये यॉर्क येथे या मार्गाने हायड्रोजन-केंद्रांचे ५० टक्के ध्रुवण मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. जगातील सर्वांत मोठ्या चुंबकाने जेथे दहा हजारांत एक मिळतो, तेथे धातूच्या मध्यस्थीने शंभरात पन्नास मिळावेत, यातच या इतिहासाचे सार सामावले आहे.

८. उसनवारीचा हिशेब

तथापि, कोणतीही उसनवारी विनामूल्य नसते. पहिली अट काळाची. उसने घेतलेले ध्रुवण टिकत नाही. हायड्रोजनात ते काही सेकंदांत, तर पायरुवेटमधील कार्बन-१३ मध्ये साधारण मिनिटभरात ओसरू लागते. तेवढ्या अवधीत मापन पूर्ण व्हावे लागते. दुसरी अट शुद्धीची. औषध म्हणून शरीरात टोचायच्या द्रावणात इरिडियम वा ऱ्होडियम राहून चालत नाही. ते काढून टाकण्यास वेळ लागतो आणि वेळच तर अपुरा असतो. तिसरी अट द्रव्याची. हे धातू दुर्मीळ आहेत व त्यांचा मोठा पुरवठा दक्षिण आफ्रिकेतून होतो. मोठ्या अतिसंवाहक चुंबकांना लागणाऱ्या द्रव हीलियमसाठी भारत आयातीवर अवलंबून आहे. धातूंचा मार्ग धरला म्हणजे परावलंबन संपले, असे समजण्याचे कारण नाही. फरक एवढाच की उत्प्रेरकात धातू अल्प लागतो आणि तो परत मिळवता येतो.

या हिशेबात खरोखर पणाला काय लागले आहे, ते सरदार पटेल मार्गावरील तिसऱ्या संस्थेकडे पाहिले असता कळते. कर्करोगाच्या पेशी पायरुवेटचे रूपांतर मोठ्या प्रमाणावर लॅक्टेटमध्ये करतात. संकेतवृद्धी केलेले पायरुवेट शरीरात सोडले तर हे रूपांतर घडत असताना पाहता येते. गाठीचा आकार बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. इलेक्ट्रॉनांकडून उसने घेण्याच्या, अतिशीत तापमान व महाग यंत्रणा लागणाऱ्या मार्गाने हे पायरुवेट तयार करून प्रोस्टेट-कर्करोगाच्या रुग्णांवर केलेले पहिले परीक्षण २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पॅराहायड्रोजन आणि इरिडियम यांच्या मार्गाने तयार केलेल्या पायरुवेटचे उंदरांवरील प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिला मार्ग श्रीमंत रुग्णालयांचा आहे. दुसरा, शुद्धीची अट पूर्ण झाल्यास, सामान्य रुग्णालयांच्याही आवाक्यात येऊ शकतो. उपचाराचा उपयोग होतो आहे की नाही हे काही दिवसांत कळणे आणि काही महिन्यांनी कळणे, यांतील अंतर रुग्णाच्या दृष्टीने कोणत्याही परिमाणात मोजता येण्याजोगे नाही.

९. समारोप

या विवेचनातून काही गोष्टी स्पष्ट होतात. अनुस्पंदनाचा इतिहास केवळ चुंबकांच्या वाढत्या शक्तीचा इतिहास नाही. प्रवाहाकडून, इलेक्ट्रॉनांकडून, शेजारच्या केंद्रांकडून आणि शेवटी पॅराहायड्रोजनाकडून सुव्यवस्था उसनी आणण्याचा तो इतिहास आहे. यांपैकी पहिल्या प्रकाराशी बंगळूरचे, दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराशी चेन्नईचे नाव जोडलेले आहे. चौथ्या प्रकारात धातू-उत्प्रेरक मध्यस्थ झाला आणि त्यासाठी उत्प्रेरणाचे शास्त्र व अनुस्पंदनाचे शास्त्र एकत्र यावे लागले. चेन्नईच्या तंत्रज्ञान संस्थेत २००६ मध्ये राष्ट्रीय उत्प्रेरण संशोधन केंद्र स्थापन झाले. अनुस्पंदनाची परंपरा त्या आवारात आधीपासून होतीच. रॉचेस्टर आणि पॅसाडेना यांच्यामध्ये जे अंतर १९८६ मध्ये होते, ते येथे एका आवाराइतके आहे.

रॉचेस्टरचा गैरसमज आणि मद्रासचा ग्रंथ या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या तर आणखी एक गोष्ट जाणवते. रॉचेस्टरला संकेत मिळाला होता, परंतु त्याचा अर्थ लावणारा सिद्धांत दुसऱ्या शाखेत होता. मद्रासच्या लेखकांनी विखुरलेली तंत्रे एकत्र आणून दोन शाखांमधील वाचकांसाठी ग्रंथ लिहिला. शोध आणि ग्रंथ यांचे मूल्य सारखे नसते, हे खरे. पण एका शाखेतील ज्ञान दुसऱ्या शाखेच्या हाती देऊन स्वतः बाजूला होणे, हे काम इरिडियम रेणूंच्या पातळीवर करतो, तसेच अशा ग्रंथांना ते ज्ञानाच्या पातळीवर करावे लागते. उपकरणांच्या यादीत त्याची नोंद होत नाही; म्हणूनच इतिहासलेखनात ती जाणीवपूर्वक करावी लागते.